नांगर : शेतांतला व समुद्रांतला

श्रीगोंदें समुद्रापासून शंभर मैलांहून अधिक दूर आहे. भीमाकांठच्या या तालुक्यांत नांगर म्हटला कीं बैलजोडी आणि फाळ डोळ्यांपुढें येतात. मालवणच्या खलाशाला त्याच शब्दानें जहाज थोपवून धरणारें लोखंड आठवतें. शेतांतल्या अवजाराला संस्कृतांत लांगल म्हणतात, जहाजाच्या साधनाला फारसींत लंगर. मराठींत मात्र दोहोंस एकच नांव आहे. हें नाममात्र साम्य म्हणून सोडून देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. जहाजाच्या नांगराची घडण जसजशी सुधारत गेली, तसतसा तो शेतांतल्या नांगराच्याच जवळ येत गेला आहे.

आरंभीं नांगर म्हणजे भोंक पाडून दोर ओंवलेला दगड. तो केवळ वजनाच्या जोरावर जहाज धरी. आणि पाण्यांत बुडालेल्या दगडाचें वजन सुमारें एकतृतीयांशानें घटतें. वारा वाढला कीं असा दगड तळावरून फरफटत जाई. म्हणून दगडाला रुतण्याचें साधन देण्यांत आलें. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना विजयदुर्गाजवळच्या पाण्यांत जे दगडी नांगर सांपडले, त्यांत अरब व हिंदी नाविक वापरीत तो लांबट घाट आढळतो. वर दोरासाठीं वाटोळें भोंक, आणि खालीं एकमेकांना काटकोनांत छेदणारीं दोन चौकोनी भोंकें. या भोंकांतून लाकडी दांडे ओंवीत. त्यांचीं टोंकें वाळूंत शिरत आणि दगडाचें वजन त्यांना दाबून धरी.

पाश्चात्त्यांनीं हाच प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला. रोमजवळच्या नेमी सरोवराचें पाणी १९२८ ते १९३२ या काळांत उपसलें, तेव्हां सम्राट कॅलिग्युलाच्या जहाजांबरोबर दोन नांगर हातीं आले. एक लाकडी असून त्याचा आडवा दांडा शिशाचा होता. दुसरा लोखंडी असून त्याचा दांडा काढतां-घालतां येई. हा दांडा नांगराच्या बाहूंशीं काटकोनांत असतो. त्यामुळें नांगर तळावर आडवा पडूं शकत नाहीं. एक टोंक जमिनींत शिरलेंच पाहिजे.

पुढें १९३३ मध्यें केंब्रिजचे शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनीं लहान नौकांसाठीं एक हलका नांगर रचला. दोन फाळ पाठीला पाठ लावून जोडावे, तसा त्याचा आकार. इंग्रजींतहि त्याला शेतांतल्या नांगराचें नांव पडलें! जी जोड मराठी भाषेंत आधींपासून होती, ती घडणींतहि अशी प्रत्यक्षांत उतरली.

श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याला यांतलें मर्म सांगावयास नको. ओढ आडवी असेल तर फाळ मातींत बसतो. ती वर वळली कीं तो उफाळून येतो. म्हणूनच खलाशी पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट दोर सोडतो, कीं ओढ तळाला समांतर राहावी. आणि निघण्याच्या वेळीं जहाज नांगराच्या बरोबर वर आणून तो सरळ वर खेंचतो; तास संपल्यावर शेतकरी नांगर उचलतो, तसाच. घट्ट धरणें हें नांगराचें अर्धें काम. हवें तेव्हां सुटणें हें उरलेलें अर्धें.

या दुसऱ्या अर्ध्याचें मोल विजयदुर्गानेंच दाखविलें आहे. फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसन आणि क्लाइव्ह यांनीं त्या किल्ल्यावर हल्ला केला. जमिनीवर पेशव्यांचें सैन्य इंग्रजांच्या बाजूस होतें. तुळाजी आंग्र्यांचीं जहाजें बंदरांत एकमेकांस बांधलेलीं होतीं. एका जहाजावर तोफगोळा पडून आग लागली. तीं सुटूं शकलीं नाहींत आणि सारा तांडा भस्म झाला. ज्या शिंद्यांचा वाडा श्रीगोंद्यांत आहे, त्यांच्या महादजींनीं पुढें पंधराच वर्षांनीं, १७७१ मध्यें, दिल्ली हस्तगत केली. तुळाजीचें आरमार मात्र पुन्हा उभें राहिलें नाहीं. दिल्लीचा विजय आपल्या घरोघरीं सांगितला जातो. विजयदुर्गाच्या तळाशीं पडलेल्या त्या दगडांचीहि ओळख आपल्या मुलांना करून दिली पाहिजे, असें आम्हांस वाटतें. मराठ्यांचा इतिहास जेवढा घोड्याच्या टापेखालीं घडला, तेवढाच तो या पाण्याखालींहि घडला आहे.