दुतोंडी लेखणी

1875 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक पेन्सिल आली. साधी शिसपेन्सिल, पण तिच्या दुसऱ्या टोकाला खोडरबर होतं. फिलाडेल्फियाच्या हायमन लिपमननं 30 मार्च 1858 रोजी तिचं पेटंट घेतलं होतं. आजच्या पेन्सिलीसारखं पत्र्याचं टोपडं तिला नव्हतं. लाकडाच्या एकाच कांडीत बऱ्याचशा लांबीला शिसं आणि उरलेल्या लांबीला रबर भरलेलं. हवं ते टोक चाकूनं तासून घ्यायचं. हे पेटंट जोसेफ रेकेनडॉर्फरनं एक लाख डॉलर मोजून विकत घेतलं, त्यात आपली थोडी भर घातली आणि पेन्सिलींचा बडा कारखानदार फेबर याच्यावर दावा ठोकला. न्यायालयानं सांगितलं ते असं: पेन्सिल जुनी, रबरही जुनं. दोन्ही एका दांडीवर बसवली तरी पेन्सिल आपलं जुनंच काम करते आणि रबर आपलं. एकत्र आल्यामुळे नवीन काही घडत नाही, तेव्हा याला शोध म्हणता येणार नाही. रेकेनडॉर्फरच्या लाखाचे बारा हजार झाले ते असे.

टॅब्लेटसाठी स्टायलस आणि कागदासाठी बॉलपेन, दोन्ही एकातच असलेली लेखणी निवडायची वेळ आली की हा खटला हटकून आठवतो. न्यायमूर्तींचा युक्तिवाद कायद्यात चोख असेल, पण ते लेखणीचीच दोन टोकं तपासत बसले. ज्यावर लिहायचं त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. लेखणीला दुसरं तोंड का फुटतं याचं उत्तर मला तिथे सापडतं. पाटी जे मागते, ते लेखणीच्या मागच्या अंगाला उगवतं.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे मेणपाटीवरची सळई. लाकडाच्या फळीला चारी बाजूंनी काठ ठेवून मधला भाग कोरायचा, त्यात मेणाचा पातळ थर ओतायचा आणि टोकदार सळईनं अक्षरं ओरखडायची. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उलुबुरुन इथे समुद्रात बुडालेल्या एका व्यापारी जहाजातून अशी घडीची पाटी वर आली. दोन छोट्या फळ्या, मध्ये हस्तिदंती बिजागरी. जहाज सुमारे 3300 वर्षांपूर्वीचं. मेण अर्थातच उरलेलं नव्हतं. पुढे रोमन लोकांनी हा प्रकार घरोघरी नेला. पोरांचा अभ्यास, सावकाराच्या नोंदी, प्रेमपत्रं, सगळं मेणावर. त्यांची सळई बहुधा लोखंडाची, कधी काशाची, कधी हाडाची. एक टोक अणकुचीदार आणि दुसरं उलथन्यासारखं चपटं. चुकलं की सळई उलटी धरायची आणि मेण सपाट करायचं. मेणाला हे दुसरं टोक हवंच होतं, कारण त्याचा सगळा फायदा पुन्हा लिहिता येण्यात होता. तिसरा उपयोग रोमन चरित्रकार स्वेटोनियसनं नोंदवून ठेवला आहे. सीझरवर सभागृहात वार झाला तेव्हा त्यानं हल्लेखोर कास्काचा हात पकडून त्यात आपली सळई खुपसली.

आपल्याकडे दक्षिणेत आणि ओडिशात पाटी म्हणजे ताडपत्र. ताडपत्र काही पुसता येत नाही, त्यामुळे तिथल्या लोखंडी लेखणीला चपटं टोक नाही. लिहिण्याची रीतही उलटी. डाव्या हातात पान, त्याच हाताचा अंगठा लेखणीला टेकू देतो आणि लेखणीपेक्षा पानच अधिक सरकतं. कोरून झालं की अक्षरं दिसतच नाहीत. मग काजळी तेलात कालवून पानावर चोळायची आणि फडक्यानं पुसून घ्यायची. काजळी ओरखड्यात बसते आणि मजकूर उठून येतो. या पानाला लिहिण्याआधी काय लागतं? कडा कापून सारख्या करणं. म्हणून तमिळ मुलखात आणि श्रीलंकेत अशा लेखण्या झाल्या की एका अंगाला अणी आणि दुसऱ्या अंगाला पातं. काही तर अडकित्त्यागत खिळ्यावर घडी होणाऱ्या, कनवटीला खोचून न्यायला सोयीच्या. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात अशी लोखंडानं कोरलेली ताडपत्रं आहेत, आणि त्याच छपराखाली तिथल्या भोसले राजांच्या दरबारचे मोडीतले मराठी कागदही आहेत, शाईनं लिहिलेले. कागदाला पातं लागत नाही, पण बोरूला लागतं. आपला चाकू मात्र बोरूला चिकटला नाही, कलमदानात वेगळाच राहिला. कारण उघड आहे. बोरू तासून तासून संपतो. संपणाऱ्या वस्तूला पोलादी पातं जोडणार कोण?

धूळपाटीची गोष्ट आणखी गमतीची. तिला लेखणीच नको. फळीवर धूळ पसरायची, बोटानं गिरवायचं, फळी हलवली की पाटी कोरी. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासमध्ये लष्करी लोकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवत होता. मलबारी पद्धतीच्या एका गावठी शाळेत त्यानं मुलांना वाळूत बोटानं लिहिताना पाहिलं आणि तीच रीत आपल्या शाळेत लावली. इंग्लंडला परतल्यावर 1797 मध्ये त्यानं आपल्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं आणि लंडनच्या गरीब पोरांच्या शाळांतून वाळूचे ट्रे आले. बोटानं लिहिण्याला मागास समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं, कारण बोट पुढे पुन्हा येणार आहे.

विजेच्या पाट्यांची सुरुवात मात्र भलत्या दिमाखात झाली. 1963 मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलंडनं ‘स्केचपॅड’ दाखवलं. हातात प्रकाशपेन, समोर काचेच्या नळीचा पडदा, आणि पडद्यावर थेट आकृती. नाव प्रकाशपेन असलं तरी ते प्रकाश टाकत नसे. पडद्यावरचा ठिपका टिपून संगणकाला आपला ठावठिकाणा कळवत असे. पुढच्याच वर्षी रँड संस्थेची पाटी आली. सुमारे 10 इंच चौरस, आत तारांची बारीक जाळी, इंचाला 100 रेषा, म्हणजे दहा लाखांवर जागा ओळखणार. किंमत 18,000 डॉलर. लिहायचं टेबलावर आणि बघायचं समोरच्या पडद्यावर. हात एकीकडे, डोळा दुसरीकडे, आणि पेनाला वायर. वायर तोडली ती जपानच्या वॅकॉमनं, 1984 मध्ये. त्यांची युक्ती आजही चालते. पाटीतून चुंबकीय क्षेत्र निघतं, पेनातली तारेची वेटोळी त्यावर थरथरते आणि तोच झंकार पाटीला परत ऐकू जातो. पेन दाबून धरलं की झंकाराचा सूर बदलतो, त्यावरून दाब कळतो. पेनात बॅटरी नाही. हे लक्षात असू द्या, निवडताना याचाच उपयोग आहे. या पेनांच्या मागच्या टोकाला 1990 च्या दशकात खोडरबर आलं. पेन उलटं करून घासलं की रेघ पुसली जाते. मेणपाटीला जे हवं होतं तेच या पाटीलाही हवं होतं.

शाईचं टोक जोडलं गेलं ते खिशातल्या यंत्रांमुळे. 1993 मध्ये ॲपलचं न्यूटन आलं आणि हस्ताक्षर वाचण्याच्या बाबतीत चेष्टेचा विषय झालं. 1996 मध्ये आलेल्या पामच्या पायलटनं शहाणपणा केला. यंत्राला माणसाचं अक्षर शिकवण्याऐवजी माणसालाच ग्राफिटी नावाची लिपी शिकवली. प्रत्येक अक्षर एका फटकाऱ्यात, हात न उचलता. इंग्रजी ‘ए’ला मधली आडवी काडी नाही, नुसतं छप्पर. मोडी लिहिणाऱ्या चिटणिसाला यात काही नवल वाटलं नसतं. पामचा पडदा दाबावर चालणारा होता: दोन थर, मध्ये सूतभर पोकळी, वरचा दाबला की खालच्याला टेकणार. त्यामुळे त्याला काहीही चालायचं. प्लास्टिकची काडी, नख, दात कोरायची काडीसुद्धा. पाम थ्रीच्या काडीचं डोकं फिरवून काढलं की आत बारीक सुई निघे. यंत्र गोठलं की मागच्या भोकात ती खुपसून पुन्हा चालू करायचं. पुन्हा पाटीचीच गरज, लेखणीच्या पोटात.

पण यंत्रासाठी काडी आणि कागदासाठी पेन, असे दोन नग खिशात कशाला? पेनवाल्यांनी संधी साधली. अनेक रंगांच्या पेनांत बसणारी बारीक धातूची रिफिल तेव्हा रूढ झालेली होती. डी-वन म्हणतात तिला, लांबी साधारण 67 मिलिमीटर. त्याच मापाची शाई नसलेली प्लास्टिकची कांडी केली की झालं काम. क्रॉस, रोटरिंग, लामी यांची बहुरंगी पेनं हातात घेतली असतील तर आठवेल: काहींत दांडी पिळायची, काहींत रंगाची खूण वर धरून खटका दाबायचा, आतलं लंबक वजनानं खाली जातं आणि हवी ती रिफिल पुढे सरकते. निळी, लाल आणि तिसऱ्या जागी बिनशाईची कांडी. माझ्या मते या घराण्याचा हाच सुवर्णकाळ. दोन्ही कामं एकाच टोकातून, एकाच पकडीतून होत होती. पेन उलटं करायला लागत नव्हतं.

2007 मध्ये आयफोन आला आणि बोट परत आलं. नव्या पडद्याला दाब कळत नाही. त्याला विजेचा भार ओढून घेणारी वस्तू लागते. प्लास्टिकच्या कांड्या एका रात्रीत निकामी झाल्या. 2010 च्या हिवाळ्यात दक्षिण कोरियातले लोक हातमोजे न काढता फोन चालवायला सॉसेज वापरू लागले, कारण सॉसेजमधून वीज वाहते. हसू येतं, पण पुढच्या सगळ्या स्वस्त स्टायलसांचं तत्त्व हेच. त्या पडद्याखालच्या तारा एकमेकींपासून बोटाच्या हिशेबानं लांब असतात, आणि बारीक स्पर्श झाला तर यंत्र तो चुकून झालेला समजून टाकून देतं. म्हणून स्टायलसचं टोक बोटाएवढं करावं लागलं: वीजवाहक रबराचा पोकळ घुमट, सहा-सात मिलिमीटर रुंद. बॉलपेनाच्या मागे हा घुमट बसवला आणि परिषदा, बँका, औषध कंपन्या यांना फुकट वाटायला वस्तू मिळाली. घरातल्या ड्रॉवरमध्ये एखादं तरी असेल.

त्यानं मराठी लिहून पाहा. टोकाखाली काय चाललंय ते घुमटामुळे दिसत नाही. शिरोरेघ मारायला जावं तर ती अक्षराच्या मानेवर बसते. अनुस्वार तर अंदाजानंच टाकायचा. ‘अंक’ लिहिताना टिंब कधी ‘अ’वर पडतं, कधी ‘क’वर, कधी दोघांच्या मधे लोंबकळतं. रोमन लिपीला डोक्यावर इतकी वर्दळ नाही, तिचं निभावतं. रबरी टोक यादीवर बरोबरची खूण करायला, पान उलटायला ठीक; लिहायला घेऊ नये. घुमटाऐवजी टोकाला पारदर्शक चकती लावलेले स्टायलस 2011 च्या सुमारास निघाले. त्यांत टोक दिसतं, पण चकती काचेवर टकटक वाजते आणि लेखणी तिरकी झाली की उचलली जाते.

खऱ्या लेखण्या परतल्या त्या पाटीतच सोय केल्यावर. 2011 च्या गॅलेक्सी नोटमध्ये सॅमसंगनं वॅकॉमचं तंत्र घातलं. 2015 मध्ये ॲपलनं आपली पेन्सिल काढली, ती बॅटरीवर चालणारी. आता निवडीचा प्रश्न सरळ होतो. आधी टॅब्लेटचा पडदा कोणत्या जातीचा ते पाहा, मग लेखणीचं दुकान. पेनच संदेश पाठवत असेल तर त्याच्या पोटात बॅटरी आणि सर्किट दाटीवाटीनं बसलेली असतात. शाईच्या रिफिलला जागा उरत नाही, म्हणून अशा टॅब्लेटसाठी दोन लेखण्या बाळगणं बरं. वॅकॉमच्या जातीचा पडदा असेल (सॅमसंगचे एस-पेनवाले टॅब्लेट, रिमार्केबलची पहिली दोन यंत्रं आणि ई-इंक पडद्याच्या बऱ्याच वह्या) तर पेनात तारेची वेटोळी आणि थोडे बारीक भाग, एवढंच लागतं. तिथे शाईची रिफिल शेजारी मावते. लामीच्या सफारी घराण्यातलं जुळं पेन असं आहे: दांडी पिळली की एकदा बॉलपेन, एकदा स्टायलस. सुवर्णकाळाची रीत परत आली म्हणायची.

याच तंत्रानं तिसरी वाटही काढली. 2017 मध्ये वॅकॉमनं अशी पाटी विकली की तिच्यावर चक्क कागद ठेवायचा आणि शाईच्या पेनानं लिहायचं. पेनात शाईही आणि वेटोळीही. अक्षर कागदावर उमटतं आणि त्याच क्षणी खालच्या पाटीतही. क्रॉस आणि आयबीएमनं 1998 मध्ये क्रॉसपॅड नावानं हेच करून पाहिलं होतं, तेव्हा ते चाललं नाही. इथे दोन तोंडांचा मांडूळ उरत नाही. एकाच तोंडानं दोन पाट्या लिहिल्या जातात, आणि 1875 च्या न्यायमूर्तींनाही बहुधा मान डोलवावी लागली असती.

पिळायचं जुळं पेन घेतलंत तर एक सवय लावून घ्या: पडद्याला टेकवण्याआधी टोक बघायचं. नुसत्या काचेवर बॉलपेन टेकलं तर सहसा बिघडत नाही. गोळी घसरते, फिकट रेघ उठते, फडक्यानं जाते. पण लिहिताना कागदासारखं वाटावं म्हणून हल्ली अनेक जण पडद्यावर खरखरीत फिल्म चिकटवतात. तिच्यावर गोळी छान फिरते आणि शाई खरखरीत जाऊन बसते. ती पुसायच्या भानगडीत पडू नका, फिल्म बदला.