वळूची निवड (उत्तर कोकण)

गाईंच्या कळपासाठी पैदाशीचा नर ठरविणे. मांसासाठी गोपालन करणाऱ्या देशांत सुलभ वेतासाठी अँगस, तर वासराच्या वजनासाठी शारोले जातीचा वळू पसंत केला जातो. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्याने गोहत्या बंद होती. मार्च २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. साहजिकच माकुणसार-पालघर पट्ट्यात वळू पारखायचा तो शेतकाम, दूध आणि पावसातला टिकाव पाहून.

या कसोटीला डांगी उतरते. मूळ सह्याद्रीच्या अतिपावसाच्या पट्ट्यातली ही जात. अंगावर पांढऱ्यात काळे किंवा तांबडे ठिपके, खूर काळे व टणक. कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे अंगावर पाणी ठरत नाही आणि भाताच्या चिखलणीत बैल दिवसभर टिकतो. दूध मात्र बेताचेच. किनाऱ्यालगतच्या लहान चणीच्या गाईंसाठी कोकण कपिला अधिक सोयीची.

दुधासाठी जर्सी किंवा होल्स्टीनचे कृत्रिम रेतन सर्रास होते. लहान गावठी कालवडीला होल्स्टीनची रेतमात्रा देणे हा अविचार होय: वासरू मोठे होते, गाय अडते. जर्सी त्यामानाने बरी.

नर पाहताना वशिंडाच्या डौलावर भाळू नये. दोन्ही वृषण सारखे व पुरेसे वाढलेले, पाय सरळ, आईचे दूध माहीत असलेले हवे. सांसर्गिक गर्भपाताची रक्ततपासणी आधी करावी. वळूच्या मुली माजावर येण्यापूर्वी तो बदलावा.