दरज : गोरेगावातील एका लादीच्या निमित्ताने

प्रस्तुत लेखकाच्या गोरेगाव येथील घरात मोझेक लाद्यांच्या सांध्यांतील सिमेंट जागोजाग तडकून निघू लागले, तेव्हा दोन कारागिरांचा सल्ला घेण्यात आला. पहिल्याने 'फ्लोअरिंग खराब झाले' असे सांगून सबंध जमीन उखडण्याचा खर्च मांडला. दुसरे एक वयस्क गवंडी होते. त्यांनी थापीच्या दांड्याने एकेक लादी ठोकून पाहिली आणि म्हणाले, "सर, लादी शाबूत आहे; नुसत्या दर्जा गेल्यात. त्या भरून घ्या." दोघांच्या निदानातील अंतर पैशांचे होते हे खरेच, परंतु ते शब्दाचेही होते. पहिल्याजवळ सांध्यासाठी निराळा शब्दच नव्हता, त्यामुळे सांध्याचा रोग त्याने जमिनीच्या माथी मारला.

'दरज' हा शब्द फार्सी 'दर्ज़'वरून मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ शिवण. उत्तरेकडे शिंप्याला 'दर्जी' म्हणतात तो याच शब्दामुळे. मराठीत एकवचन 'दरज', अनेकवचन 'दरजा', आणि बोलताना 'दर्जा'. प्रत किंवा प्रतिष्ठा या अर्थाचा 'दर्जा' हा अरबी 'दरजा', म्हणजे पायरी, यावरून आलेला सर्वस्वी वेगळा शब्द होय. दोहोंचा उच्चार जुळल्यामुळे 'दर्जाचे काम' या शब्दप्रयोगाचा अर्थ कंत्राटदाराने काय घ्यावा, हे सांगणे कठीण! भेग जमिनीला पडते, तडा काचेला जातो. दोन्ही न बोलावता येतात. गवंड्याच्या बोलीतील दरज मात्र बांधणाऱ्याने जाणूनबुजून राखलेली असते. कापडाप्रमाणे जमीनही तुकडे शिवूनच होते, आणि शिवण उसवली म्हणून कोणी वस्त्र टाकून देत नाही.

ही शिवण आपल्या घरांत फार जुनी नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीला दरज नसते. तिची दुरुस्ती दर चार-आठ दिवसांनी सारवणातच होऊन जाते. चोपून केलेल्या चुन्याच्या कोब्यालाही दरज नाही. तुकड्यातुकड्यांची जमीन प्रथम वाडे, देवळे आणि सार्वजनिक इमारती यांतच दिसे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटसाठी (१८६९) तर फरशीचा दगड स्कॉटलंडातील केथनेसहून आणला होता. रेल्वे १८७१ साली रायचूरपर्यंत पोहोचली आणि वाटेवरील शहाबादचा चुनखडीचा दगड 'शहाबादी फरशी' या नावाने महाराष्ट्रभर रूढ झाला. 'फरशी' हा शब्दही अरबी-फार्सी 'फर्श'वरून आलेला. मूळ अर्थ अंथरलेली वस्तू. मुंबईकर तिलाच 'लादी' म्हणतो. साष्टी बेट १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते आणि त्यांच्या भाषेत लादीला 'लाद्रिल्यु' म्हणतात. तथापि केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी करण्याचा मोह आवरलेला बरा.

सिमेंटच्या कारखानदारीने हे चित्र पालटले. पोरबंदर येथे १९१४ साली सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. १९२२ मध्ये फेरोजशा सिधवा यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने भारत टाइल्सची स्थापना केली, आणि विलायती लादीची जागा देशी सिमेंटची लादी घेऊ लागली. स्वातंत्र्यानंतर गोरेगावात गृहनिर्माण मंडळाची मोतीलालनगरसारखी वसाहत उभी राहिली, पुढे सहकारी गृहसंस्थांच्या इमारती आल्या, आणि दरज मध्यमवर्गीयाच्या पायाखाली आली. मोझेकच्या लाद्या बसविल्यावर त्याच रंगाच्या सिमेंटने दर्जा भरीत व मग यंत्राने सबंध जमीन घासून काढीत. दरज जवळजवळ दिसेनाशी होई. कदाचित म्हणूनच ती आहे याचाही विसर पडला.

दर्जा तडकण्याची कारणे गवंड्यांनी उकिडवे बसून दाखविली. पूर्वी कोणीतरी जुने सिमेंट न काढता वरूनच पातळ लेप दिला होता. असा लेप धरत नाही. पापुद्रा होऊन निघतो. शिवाय स्वच्छतेच्या हौसेपायी आम्ही ॲसिडने लादी धूत होतो. हा दोष आमचा. ॲसिड मळाबरोबर सिमेंटही खाते. जुन्या चुन्याची एक वेगळी गोष्ट त्यांनी सांगितली : चुन्याची दरज नरम असते, थोडी हालचाल सोसते. बारीक चीर गेली तरी पाण्याबरोबर विरघळलेला चुना तीत पुन्हा बसतो व ती भरून येते. सिमेंट कडक, त्याला हालचाल सोसत नाही.

काम तीन दिवस चालले. टोकदार पटाशीने दर्जा लादीच्या निम्म्या जाडीहून खोल उकरल्या, भुगा झाडला, आत ओल दिली. मात्र पाणी साचू दिले नाही. रंग मिसळलेले सिमेंट घट्टसर कालवून (पाणी जास्त झाले की वाळताना ते आकसते) रबरी पट्टीने तिरकस दाबून भरले आणि ओल्या स्पंजाने पुसून घेतले. भिंतीलगतची दरज त्यांनी कडक सिमेंटने भरली नाही. "तिथं जरा श्वास ठेवा," इतकेच म्हणाले.

अलीकडे दुकानात 'ग्राउट' म्हटल्याशिवाय माल मिळत नाही; दोन-तीन मिलिमीटरची फट सोडून बसविलेल्या गुळगुळीत टाइलांच्या सांध्यांसाठी हाच शब्द चालतो. पण ग्राउट हे भरण्याच्या पदार्थाचे नाव आहे, जेथे तो भरावयाचा त्या जागेचे नव्हे. गोरेगावातील जुन्या इमारती पुनर्विकासासाठी पाडल्या जात असून मोझेकच्या जमिनी राडारोड्यात जात आहेत; त्यांबरोबर हा शब्द वापरणारे हातही थोडे होत चालले आहेत. बांधकामाच्या बोलीची नोंद करू इच्छिणाऱ्याने प्रथम अशा गवंड्यांकडे जावे.

आमच्या उंबऱ्याजवळील एक दरज महिन्याभरात पुन्हा तडकली. गवंडी आले, ठोकून पाहिले. आवाज पोकळ आला. ती एकच लादी उचलून त्यांनी खाली नवा माल घातला आणि मग तिच्या चारही दर्जा भरल्या.