उडणाऱ्याने ऊन ओळखावे

चैत्र-वैशाखात भर दुपारी नांगरलेल्या रानात वावटळ उठते. पालापाचोळा गरगरत वर चढतो आणि आभाळात घार पंख न हलवता फिरत असते. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर जाते. घारीला हे उपजत कळते. माणसाला मात्र किंमत मोजून शिकावे लागले.

जर्मनीतील ओटो लिलिएन्थाल याने करकोच्यांचे उडणे न्याहाळून १८८९ साली ग्रंथ लिहिला. १८९१ पासून त्याने ग्लायडरने टेकड्यांवरून झेपा घेतल्या, त्याही दोन हजारांच्या घरात! पण ९ ऑगस्ट १८९६ रोजी, उन्हाळ्याच्या दिवसांत, वाऱ्याच्या झोताने ग्लायडर हवेत थबकले आणि सुमारे १५ मीटरांवरून कोसळले. कणा मोडला, दुसऱ्या दिवशी तो वारला. एवढा अनुभवही त्या एका झोतापुढे अपुरा पडला.

पुढे १९७८ च्या जूनमध्ये फ्रान्समधील मियूसी गावी तिघांनी डोंगरउतारावरून धावत हवाई छत्र्या फुगवल्या आणि उड्डाण केले. पॅराग्लायडिंगचा प्रसार झाला तो येथून. या पंखाला दांडा नाही, काठी नाही. आतल्या हवेनेच तो ताठ राहतो. वर चढणाऱ्या व खाली येणाऱ्या हवेच्या कचाट्यात सापडला, की मिटतो.

आणि ढग? १४ फेब्रुवारी २००७ रोजी, ऑस्ट्रेलियातील ऐन उन्हाळ्यात, मॅनिला गावाजवळ वादळी ढगाने एव्हा विश्निएर्स्का हिला ९,९४६ मीटरांवर, म्हणजे एव्हरेस्टहूनही उंच, ओढून नेले. बेशुद्ध होऊनही ती वाचली. त्याच वादळात सापडलेला चिनी वैमानिक हे झोंगपिन मात्र दगावला.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. मुरलेले वैमानिक दुपारच्या झोतांवर स्वार होऊन कोसचे कोस जातात. नवशिक्याने सकाळची किंवा संध्याकाळची शांत हवाच धरावी. नदीतल्या धोंड्यामागे पाणी भोवरते, तशीच डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला हवा भोवरते. तिकडे फिरकू नये. ढग मनोऱ्यासारखा वाढू लागला, की वेळीच खाली उतरावे. जास्तीची छत्री सोबत असावी. पण तिच्या भरवशावर उडू नये.

आपल्याकडे पुण्याजवळ कामशेतलाही तरुण उडतात. गुरुजी, आपल्या मुलांना एवढे अवश्य सांगा : वारा पाहून डोंगरावरून पायी परत येणे हा भित्रेपणा नव्हे. उद्या पुन्हा उडता येते, ते अशा परतणाऱ्यालाच.