सँटानाच्या गिटारमागचा ठेका: आर्मांडो पेराझा कोण होते?

सँटाना बँड म्हटलं की डोळ्यांसमोर येतो डोळे मिटून गिटारचा एकच सूर लांबवत नेणारा कार्लोस सँटाना. पण हा बँड इतर रॉक बँडपेक्षा वेगळा वाटतो, तो गिटारच्या मागे चाललेल्या कोंगा, बोंगो आणि टिंबालेसमुळे. १९७२ साली याच मागच्या रांगेत एक नवा वादक येऊन बसला. कार्लोस तेव्हा २५ वर्षांचा होता आणि हा नवा वादक ४८ वर्षांचा.

आर्मांडो पेराझा हे त्यांचं नाव. ज्या वयात बरेच वादक दौरे कमी करतात, त्या वयात त्यांनी रॉकच्या जगात पाऊल टाकलं आणि पुढे १९९० पर्यंत त्यांचं नाव या बँडशी जोडलेलं राहिलं. तरीही सँटानाच्या चाहत्यांपैकी अनेकांना ते माहीत नाहीत. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात हवानापासून करावी लागते.

थोडक्यात ओळख

- जन्म: ३० मे १९२४, हवाना, क्युबा
- मृत्यू: १४ एप्रिल २०१४, साउथ सॅन फ्रान्सिस्को, अमेरिका
- वाद्यं: बोंगो आणि कोंगा
- कुणाकुणाबरोबर वाजवलं: माचितो, स्लिम गेलार्ड, जॉर्ज शिअरिंग, कॅल जेडर, मोंगो सांतामारिया, कार्लोस सँटाना
- गल्लत टाळा: १९९१ पासून सँटानाबरोबर वाजवणारे कार्ल पेराझो वेगळे. ते सॅन फ्रान्सिस्कोचे, हे हवानाचे.

बेसबॉलच्या मैदानावरून थेट बँडमध्ये

आर्मांडो सात वर्षांचा होईपर्यंत त्याचे आई-वडील गेले होते. पुढचं बालपण हवानाच्या रस्त्यावर गेलं. पोट भरण्यासाठी त्याने भाजी विकली, बॉक्सिंग करणाऱ्यांना तयार केलं, बेसबॉल खेळला, व्याजाने पैसेही फिरवले. संगीताचं रीतसर शिक्षण घ्यायला ना पैसा होता ना सवड.

सतराव्या वर्षी बेसबॉलच्या मैदानावर त्याच्या कानावर आलं की आल्बेर्तो रुईस या बँडप्रमुखाला कोंगा वाजवणारा हवा आहे. रुईसचा भाऊ त्याच्याच संघात खेळायचा. आर्मांडोला वादनाचा अनुभव जवळपास नव्हता. त्याने सराव केला, चाचणी दिली आणि 'कोंहुंतो कुबावाना' या बँडमध्ये जागा मिळवली.

अशी जागा तेव्हा रिकामी होती, यालाही एक कारण आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांची ही चर्मवाद्यं क्युबातला उच्चभ्रू वर्ग हलकी मानायचा. काही काळ सरकारने रस्त्यावरच्या ढोलांच्या मिरवणुकांवर बंदीही घातली होती. १९४० च्या आसपास आर्सेनियो रोद्रिगेससारख्या बँडप्रमुखांनी कोंगा आपल्या नृत्यसंगीतात आणला आणि रस्त्यावरचं वाद्य मंचावर आलं. त्यासोबत ते वाजवणाऱ्या पोरांनाही काम मिळू लागलं.

त्या काळी कोंग्याचं कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असायचं. आपल्याकडे हलगी जाळावर शेकून चढवतात, तसाच कोंगाही उष्णता देऊन सुरात आणावा लागे. चावीने ताण देऊन सुरात लावता येणारे कोंगे नंतर आले. ते रूढ करण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं, ते कार्लोस 'पटाटो' वाल्देस कुबावानामध्येच वाजवायचे.

मित्राच्या आजारपणाने दिशा बदलली

१९४८ मध्ये पेराझा क्युबा सोडून मेक्सिकोला गेले. त्यांचा मित्र, कोंगावादक मोंगो सांतामारिया तिथे आजारी होता आणि त्याची काळजी घ्यायला कुणीतरी हवं होतं. तिथून १९४९ मध्ये दोघं न्यूयॉर्कला पोहोचले.

वेळ मोक्याची होती. १९४७ मध्ये डिझी गिलेस्पी या नामवंत ट्रम्पेटवादकाने चानो पोझो या क्युबन कोंगावादकाला आपल्या जॅझ बँडमध्ये घेतलं होतं आणि त्यातून 'आफ्रो-क्युबन जॅझ' लोकप्रिय होऊ लागलं होतं. पण डिसेंबर १९४८ मध्ये पोझोचा न्यूयॉर्कमध्ये गोळ्या घालून खून झाला. शहरात या संगीताला मागणी होती आणि ते मुळातून जाणणारे वादक मोजकेच होते.

पेराझांनी माचितोच्या गाजलेल्या वाद्यवृंदात वाजवलं. पुढे गायक-वादक स्लिम गेलार्डबरोबर दौरे करत ते सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. पुढे हेच शहर त्यांचं घर झालं.

अंध पियानोवादकाबरोबर बारा वर्षं

१९५० च्या दशकात पेराझा जॉर्ज शिअरिंग यांच्या संचात आले. शिअरिंग लंडनमध्ये जन्मलेले, जन्मापासून अंध असलेले पियानोवादक होते. त्यांचं जॅझ मृदू आणि नेटकं. त्याला हवानाच्या गल्लीतल्या हातांची जोड मिळाली आणि ती जवळपास बारा वर्षं टिकली. 'लॅटिन एस्केपेड', 'लॅटिन लेस' आणि 'लॅटिन अफेअर' हे शिअरिंग यांचे अल्बम याच काळातले.

या बारा वर्षांत पेराझांनी शिअरिंग यांच्यासाठी २१ रचना केल्या. तालवादकाच्या बाबतीत ही साधी गोष्ट नाही. गाण्याचे हक्क आणि मानधन चाल व शब्द लिहिणाऱ्याला मिळतं. ठेका बांधणाऱ्याला बहुतेक वेळा फक्त त्या दिवसाच्या कामाचे पैसे मिळतात. रचनाकार म्हणून नाव लागलं, तरच मागच्या रांगेतल्या माणसाचं काम कागदावर उरतं.

याच सुमारास व्हायब्राफोनवादक कॅल जेडर यांच्याबरोबरही त्यांचं काम सुरू होतं. जेडर यांचा 'सोल सॉस' हा १९६५ चा अल्बम लॅटिन जॅझमध्ये महत्त्वाचा मानला जातो आणि त्यात पेराझा आहेत. १९६८ मध्ये 'वाइल्ड थिंग' हा अल्बम त्यांच्या स्वतःच्या नावावर निघाला. तो काढणारी 'स्काय' ही कंपनी जेडर, गिटारवादक गाबोर झाबो आणि गॅरी मॅकफारलंड यांनी सुरू केली होती.

दरम्यान सॅन फ्रान्सिस्कोत काय घडत होतं?

१९६६ मध्ये याच शहरात सँटाना बँड उभा राहिला. ब्लूज, रॉक आणि लॅटिन ठेका यांचं त्यांचं मिश्रण पुढे लॅटिन रॉक म्हणून ओळखलं गेलं. १६ ऑगस्ट १९६९ ला वुडस्टॉक महोत्सवात बँडने मैदान जिंकलं. तेव्हा कोंग्यावर माइक काराबेयो होता आणि टिंबालेसवर निकाराग्वाचा होसे 'चेपितो' आरेआस.

१९७० चा 'अब्राक्सस' हा अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातलं 'ओये कोमो वा' अनेकांना सँटानाचं वाटतं. प्रत्यक्षात ते टिटो पुएन्ते यांचं १९६२ चं गाणं आहे. म्हणजे बँडचं गाजलेलं गाणंच मुळात आधीच्या पिढीच्या लॅटिन संगीतातून आलं होतं. पेराझा याच पिढीचे. पुएन्ते त्यांच्यापेक्षा जेमतेम एक वर्षाने मोठे होते.

४८ व्या वर्षी रॉक बँडमध्ये

यश आलं तसा बँड आतून फुटू लागला. काराबेयो बाहेर पडला. कार्लोसचा ओढा जॅझकडे आणि अध्यात्माकडे वाढत होता. या वळणावरचा १९७२ चा अल्बम म्हणजे 'कॅराव्हान्सराय'. त्यात रेडिओवर वाजेल असं गाणं जवळपास नाहीच. त्या अल्बममध्ये पेराझांचा बोंगो ऐकू येतो.

कार्लोसला आता जॅझही जमणारा आणि क्युबन ठेक्याचं मूळही ठाऊक असलेला वादक हवा होता. पेराझांनी याच दोन गोष्टी वीसहून अधिक वर्षं एकत्र केल्या होत्या.

१९७३ च्या 'लव्ह डिव्होशन सरेंडर' या अल्बममध्येही ते कोंग्यावर आहेत. कार्लोस आणि जॉन मॅकलॉफलिन हे दोन गिटारवादक तेव्हा श्री चिन्मय यांचे शिष्य होते. याच मॅकलॉफलिन यांनी पुढे मुंबईच्या झाकिर हुसेन यांच्यासोबत 'शक्ती' हा संच उभा केला.

जुलै १९७३ मध्ये जपानमधल्या ओसाकात झालेल्या मैफलींचं ध्वनिमुद्रण 'लोटस' या नावाने तीन तबकड्यांत निघालं. त्यात पेराझा आणि चेपितो आरेआस शेजारी शेजारी ऐकू येतात. १९७६ च्या 'अमिगोस'मधली 'हितानो' ही रचना पेराझांची आहे. मधल्या काही अल्बममध्ये ते नाहीत. पण १९८० च्या दशकात राउल रेकोव, ओरेस्तेस विलातो आणि पेराझा असं त्रिकूट जमलं. रेकोव सॅन फ्रान्सिस्कोचा, १९५४ सालचा, म्हणजे पेराझांपेक्षा तब्बल ३० वर्षांनी लहान. १९९० मध्ये बँड सोडला तेव्हा पेराझांनी पासष्टी ओलांडली होती.

एवढे तालवादक, मग गोंधळ का होत नाही?

ड्रम, कोंगा, बोंगो, टिंबालेस. चौघं एकाच वेळी जोरात वाजवू लागले तर नुसता गलका होईल. तो होत नाही, कारण प्रत्येकाची जागा ठरलेली असते.

क्लावे: हा सगळ्यांना बांधणारा धागा. १ ते १६ अंक सारख्या गतीने मोजा आणि १, ४, ७, ११, १३ वर टाळी द्या. आधी तीन टाळ्या, मग दोन. हा झाला 'सोन क्लावे'. कुणी तो प्रत्यक्ष वाजवत नसलं, तरी वादकांच्या मनात तो सुरू असतो.

कोंगा: त्याचा मूळ ठेका म्हणजे 'तुंबाव'. आठ मोजणीचा, म्हणजे आपल्या केरव्याइतकाच. पण केरव्यात पहिल्या मात्रेवर सम येते, तर तुंबावमध्ये मोकळे, घुमणारे ठोके सातव्या आणि आठव्या मोजणीवर पडतात. त्यामुळे ठेका सतत पुढच्या आवर्तनाकडे ढकलला जातो आणि पाय आपोआप हलतात.

बोंगो: दोन छोट्या ढोलांची जोडी. लहान ढोलाला 'माचो' म्हणजे नर आणि मोठ्याला 'एंब्रा' म्हणजे मादी म्हणतात. बोंगोचा आवाज उंच असतो, म्हणून तो गायकाला किंवा गिटारला मध्येच उत्तर देऊ शकतो.

टिंबालेस: धातूचे, काठीने वाजवायचे ढोल. गाण्याचा भाग बदलतोय, ही वर्दी अनेकदा हेच देतात.

ड्रम: दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर जोर देऊन रॉकची चौकट सांभाळतो.

कोंगा-बोंगो महाराष्ट्राला अनोळखी नाहीत. हिंदी सिनेसंगीतात आणि गावोगावच्या ऑर्केस्ट्रांत ते वर्षानुवर्षं वाजत आले आहेत. लॅटिन रॉकमध्ये मात्र अवघड काम असतं थांबण्याचं. दुसरा बोलत असताना आपला हात आखडता घ्यायचा आणि त्याने जागा सोडताच ती भरायची. ही समज पेराझांकडे होती. नाजूक पियानोला झाकून न टाकता कोंगा वाजवण्याची बारा वर्षांची सवय त्यांना कर्णकर्कश गिटारच्या साथीलाही उपयोगी पडली.

हॉल ऑफ फेममध्ये नाव का नाही?

१९९८ मध्ये सँटाना बँडचा 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला. यादीत सहा नावं होती: कार्लोस सँटाना, ग्रेग रोली, मायकल श्रीव्ह, डेव्हिड ब्राउन, चेपितो आरेआस आणि माइक काराबेयो. हा वुडस्टॉकचा संच. बँडला जगभर नेलं ते याच सहा जणांनी, त्यामुळे त्यांचा मान वादातीत आहे.

पण ही यादी बँडच्या पहिल्या तीन अल्बमपाशी थांबते. त्यानंतर जवळपास दोन दशकं बँडशी जोडलेले पेराझा तिच्यात नाहीत. बँडचा इतिहास पहिल्या संचावरून लिहिला, की मधल्या फळीत येऊन घर सांभाळणारा माणूस निसटतो. जॅझच्या इतिहासातही त्यांचं नाव बहुतेक वेळा 'अमुक यांचे साथीदार' असंच येतं. स्वतःच्या नावावर अल्बम कमी आणि दुसऱ्यांच्या अल्बमवर काम डोंगराएवढं, ही अनेक तालवादकांची कहाणी आहे.

१४ एप्रिल २०१४ रोजी, नव्वदीला दीड महिना उरला असताना, न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं.

ऐकायला सुरुवात कुठून करायची?

- 'लॅटिन एस्केपेड', जॉर्ज शिअरिंग: पियानोच्या मागे हळू आवाजातला, काटेकोर कोंगा.
- 'सोल सॉस', कॅल जेडर (१९६५): लॅटिन जॅझची ओळख करून घ्यायला सोपा अल्बम.
- 'कॅराव्हान्सराय', सँटाना (१९७२): एका बैठकीत, सलग ऐकावा असा.
- 'लोटस', सँटाना: प्रत्यक्ष मैफलीतली जुगलबंदी.
- 'हितानो', सँटाना (१९७६): पेराझांची स्वतःची रचना.

ऐकताना शक्यतो हेडफोन लावा. पहिल्यांदा गिटार ऐका. दुसऱ्यांदा तेच गाणं लावून फक्त सातव्या आणि आठव्या मोजणीवरचे कोंग्याचे मोकळे ठोके शोधा. ते सापडले की गिटार इतकी निवांत का वाजू शकते, हे आपोआप लक्षात येईल.