तुडतुड्याला दाद न देणारे भात आणि त्याला सोसणारे भात



भात निसवायला आलेले असते. पीक बघून डोळे निवतात. आणि एक दिवस खाचरात, विदर्भात म्हणाल तर बांधीत, मधोमध ताटाएवढा पिवळा ठिपका दिसतो. बघता बघता तो खळ्याएवढा होतो आणि भात आगीने होरपळल्यासारखे वाळते. चूड वाकवून बुंध्याशी पाहावे, तर तपकिरी तुडतुड्यांची दाटी. हा किडा पान कुरतडत नाही. सुईसारखी सोंड खुपसून रस ओढतो. म्हणून वरून पीक हिरवे दिसते आणि खालून रिकामे होत जाते.

बियाणे घ्यायला गेलात की कोणी ना कोणी सांगतो, "हा वाण न्या, याला तुडतुडा लागत नाही." या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे. तो समजून घ्या, म्हणजे त्या वाक्यावर किती विसंबायचे ते तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

तीन तऱ्हा

अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञ पेंटर यांनी १९५१ साली आपल्या ग्रंथात पिकाच्या प्रतिकाराच्या तीन तऱ्हा सांगितल्या. पहिली, किडीला ते झाड आवडतच नाही. दुसरी, कीड बसते, पण तिचे पोषण होत नाही. ती मरते, नाहीतर तिची पिलावळ वाढत नाही. तिसरी, कीड बसते, रसही ओढते, पण झाड ते सोसते आणि लोंबी भरते. पहिल्या दोन तऱ्हांना प्रतिकार म्हणतात, तिसरीला सहनशीलता. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

मुडगोचा गुण

१९६६ साली फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ हा बुटका, भरघोस उत्पन्नाचा वाण दिला. असे वाण आले, पाण्याची सोय झाली, वर्षात दोन-दोन पिके निघू लागली, युरिया वाढला, औषधेही वाढली. तुडतुड्याला वर्षभर कोवळा रस आणि दाट सावली मिळाली. पूर्वीची किरकोळ कीड मोठी झाली. आपल्या देशात १९७३-७४ साली केरळच्या कुट्टनाडमध्ये तिने भाताची धूळधाण केली.

त्याआधीच त्या संस्थेत हजारो वाणांची तपासणी चालू होती. त्यात मुडगो हा मूळचा भारतीय वाण सापडला. तुडतुडा त्यावर बसे, सोंड खुपसे, पण पोटभर रस ओढत नसे. सोगावा आणि पाठक या शास्त्रज्ञांना १९७० साली असे आढळले, की या वाणाच्या रसात तुडतुड्याला रुची आणणारे एक द्रव्य कमी आहे. १९७१ साली मुडगोतले एक जनुक, म्हणजे बियातून पुढच्या पिढीत उतरणारा गुण, निश्चित झाले. तमिळनाडूतील अंबासमुद्रमच्या एएसडी-७ या वाणात दुसरे सापडले.

किडीने केलेली मात

मुडगोचा गुण उतरवून १९७३ साली आयआर-२६ आला. शेतकऱ्यांनी तो हौसेने सगळीकडे लावला. पण दोन-तीन वर्षांतच फिलिपाईन्स आणि इंडोनेशियात तो जळू लागला. असे का झाले? लाखो तुडतुड्यांत मोजके असे होते, की ज्यांना मुडगोचा रस पचत होता. बाकीचे उपाशी मेले, या थोड्यांची संतती वाढली. जिकडेतिकडे एकच वाण, त्यामुळे त्यांना रान मोकळे मिळाले.

मग १९७६ साली डॉ. गुरुदेव खुश यांनी दुसऱ्या जनुकाचा आयआर-३६ दिला. तो आशियात सुमारे १ कोटी १० लाख हेक्टरांवर पसरला. पण १९८० नंतर उत्तर सुमात्रात त्या जनुकाचे वाणही हरू लागले.

दुसरी चूक फवारणीची. तुडतुड्याला खाणारे कोळी आणि त्याची अंडी शोषणारे ढेकूण विषाने मरत. तुडतुड्याची अंडी मात्र पानाच्या आवरणात सुरक्षित राहत. फवारणीनंतर तुडतुडे उलट वाढत. अखेर १९८६ साली इंडोनेशियाच्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढे औषधांवरचे अनुदानही काढले.

परदेशात चालले म्हणून इथे चालेल असे नाही

मुडगो आपलाच वाण, पण आपल्याकडच्या तुडतुड्यापुढे तो टिकत नाही. एएसडी-७ चेही तसेच. आपला तुडतुडा निराळ्या जातीचा निघाला. केरळच्या पट्टांबी केंद्राचा पीटीबी-३३ मात्र इथे आणि तिथेही टिकला, कारण त्यात एकाहून अधिक जनुके एकत्र आहेत.

१९८५ साली आलेल्या आयआर-६४ मध्ये मुडगोचेच मुख्य जनुक आहे. तरी तो आयआर-२६ पेक्षा पुष्कळ अधिक टिकला, कारण त्याच्या जोडीला बारीकसारीक अनेक गुण आहेत आणि थोडी सहनशीलताही आहे. केरळच्या त्रिवेणी वाणावर १९८२ साली प्रयोग झाला. तुडतुडे त्यावर वाढतात, पण पिकाचे नुकसान कमी होते. इथे किडीची उपासमार होत नाही, म्हणून तिला बदलण्याची निकडही राहत नाही. झाडाचे सोसणे हे दुबळेपण नव्हे, बंधूंनो!

मग आपण काय करावे?

- वाण निवडताना आपल्या विभागातील कृषी विद्यापीठाने कोणता सांगितला आहे ते विचारा.
- सगळ्या गावाने एकच वाण लावू नका. दोन-तीन वाण असू द्या.
- लावणी करताना दर आठ-दहा ओळींनंतर फूटभर पट्टा मोकळा ठेवा. बुंध्याशी ऊन-वारा पोचला की तुडतुडा मानवत नाही.
- युरिया एकदम टाकू नका, हप्त्याने द्या.
- आठवड्यातून एकदा चूड वाकवून बुंधा पाहा. तुडतुडे दिसले तर कोळीही मोजा, आणि पाणी काही दिवस काढून टाका.
- चार तुडतुडे दिसले म्हणून पंप पाठीवर घेऊ नका. फवारायचेच झाले, तर आधी कृषी सहायकाला विचारा.

प्रतिकारक बियाणे ही मोठी देणगी आहे, पण ती कायमची नाही. ती किती वर्षे पुरेल, हे आपण बांधावर काय करतो यावर आहे. शेजाऱ्यालाही हे सांगा, कारण तुडतुडा बांध ओळखत नाही.