आणेवारी, कापणी-प्रयोग आणि परिकल्पनेची परीक्षा

संख्याशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात परिकल्पनेची परीक्षा हा विषय बहुधा नाणी व फासे यांच्या उदाहरणांनी शिकविला जातो. विद्यार्थी सूत्र लावतो, कोष्टक पाहतो आणि पाच टक्के पातळीवर निर्णय देतो. परंतु तो निर्णय नेमका कशाविषयी आहे व कशाविषयी नाही, हा प्रश्न पुष्कळदा अस्पर्शितच राहतो. या पद्धतीचा फार मोठा भाग शेतातील प्रयोगांतून वाढला, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधणे सुकर होते. प्रस्तुत लेखात धानाच्या उत्पन्नाच्या अंदाजाचा इतिहास या दृष्टीने तपासावयाचा आहे.

आजच्या गोंदिया जिल्ह्यातील कामठा हे गाव एके काळी मोठ्या जमीनदारीचे ठाणे होते. १८१८ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांच्या पक्षाने उठाव करणारा चिमणा पटेल येथलाच. १९५० च्या कायद्याने तत्कालीन मध्यप्रदेशातील जमीनदाऱ्या संपुष्टात आल्या. १९५६ मध्ये हा प्रदेश मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९९९ मध्ये भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निर्माण झाला. राज्यव्यवस्था अशी पालटत गेली, तरी धान हेच येथील मुख्य पीक राहिले. तलावाच्या पाण्याखालची बांधी आणि पावसावर विसंबलेली बांधी यांच्या उत्पन्नात एकाच गावी मोठे अंतर पडते. अशा स्थितीत ‘यंदा पीक किती?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर देणे मुळीच साधे नसते. आणि साऱ्याची सूट वा तहकुबी त्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे ते उदासीनपणे देण्याजोगेही नसते.

जुनी पद्धत आणेवारीची होती. सर्वसाधारण उत्पन्न धरावयाचे, उभे पीक पाहून ते किती आणे आहे हे ठरवावयाचे आणि त्या प्रमाणाने क्षेत्राचा गुणाकार करावयाचा. किती आणे म्हणजे सर्वसाधारण पीक, याविषयीही प्रांतोप्रांती एकवाक्यता नव्हती. पण या पद्धतीचा खरा दोष तिच्यातील अंदाज चुकतो हा नव्हे. कोणताही अंदाज चुकू शकतो. तो किती चुकू शकतो हे सांगण्याचे साधन तिच्यात नव्हते, हा तिचा दोष होय. ज्या आकड्याच्या चुकीला माप नाही, त्याची परीक्षाही संभवत नाही.

हे माप यदृच्छ निवडीने दिले. १९२३ ते १९२५ या काळात जे. ए. हबॅक यांनी बिहार व ओरिसा प्रांतात यदृच्छ जागी धान कापून उत्पन्न मोजले. त्यांची त्रिकोणी चौकट एकराच्या ३२०० व्या भागाएवढी, म्हणजे सुमारे साडेतेरा चौरस फुटांची होती. १९२५ मध्येच रोनाल्ड फिशर यांचा संशोधकांसाठी लिहिलेला प्रसिद्ध ग्रंथ निघाला व पाच टक्क्यांची पातळी रूढ होऊ लागली. फिशर यांच्या रॉथमस्टेड येथील प्रयोगक्षेत्रातून आर. जे. कळमकर यांनी १९३२ मध्ये गव्हाच्या नमुना-पद्धतीवर व बटाट्याच्या प्रयोगातील त्रुटींवर लेख प्रसिद्ध केले. पुढे १९४२-४३ च्या सुमारास इंदूरचे वि. गो. पानसे व कळमकर यांनी वऱ्हाडातील अकोला जिल्ह्यात कापसाच्या उत्पन्नाची यदृच्छ नमुना-पाहणी केली.

या पद्धतीचे सामर्थ्य एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. कामठ्याच्या परिसरात एकेका तुकड्याच्या उत्पन्नाचे प्रमाण विचलन सरासरीच्या ४० टक्के आहे असे समजू. यदृच्छ निवडलेल्या १६ तुकड्यांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी १० टक्के येईल. १०० तुकड्यांची ४ टक्के. ‘पीक सर्वसाधारण आहे’ ही शून्य परिकल्पना मानली आणि नमुन्यात १० टक्के तूट दिसली, तर पहिल्या प्रसंगी ती तूट प्रमाण त्रुटीएवढीच असल्याने परिकल्पना नाकारता येणार नाही. दुसऱ्या प्रसंगी ती अडीचपट असल्याने नाकारावी लागेल. तूट तीच, निर्णय मात्र भिन्न. यावरून परिकल्पना न नाकारणे म्हणजे ती सिद्ध होणे नव्हे, हे उघड होते. पीक चांगले आले होते असे १६ तुकडे सांगत नाहीत. ते वाईट आले असे म्हणण्यास पुरावा अपुरा आहे, एवढेच ते सांगतात.

येथे येर्झी नेमान व इगॉन पिअर्सन यांच्या १९३३ च्या विवेचनाचे महत्त्व कळते. चुका दोन प्रकारच्या असतात : खरी परिकल्पना नाकारणे आणि खोटी न नाकारणे. चांगल्या पिकास सूट दिली तर सरकारी तिजोरीला तोटा. बुडालेल्या पिकास सर्वसाधारण ठरविले तर तोटा शेतकऱ्याला. पाच टक्क्यांची मर्यादा पहिल्या चुकीलाच बांध घालते. दुसरी चूक किती घडेल हे नमुन्याच्या आकारावर व तुटीच्या प्रमाणावर अवलंबून असते. म्हणून थोडे तुकडे कापून सोळा आणे पीक जाहीर करणे यात गणिताचा तटस्थपणा नाही; पुराव्याचा सर्व भार त्यात कुळावर टाकलेला असतो.

लंडनमध्ये या दोघांच्या सहवासात ज्यांचे शिक्षण झाले, त्या पां. वा. सुखात्मे यांनी या प्रश्नाची आणखी एक बाजू उघड केली. १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेल्या सुखात्म्यांनी १९३६ मध्ये लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे दिल्लीस कृषिसंशोधन परिषदेत असताना मुरादाबाद जिल्ह्यातील गव्हाच्या शेतांवर त्यांनी निरनिराळ्या आकारांच्या तुकड्यांची तुलना केली. तुकडा जितका लहान, तितके एकरी उत्पन्न अधिक दिसते, असा त्यांचा निष्कर्ष १९४६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बंगालमध्ये लहान तुकड्यांचा पुरस्कार करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्यास उत्तर दिले; कामगार सुशिक्षित असल्यास हा दोष आवाक्यात राहतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता.

वादाचे मूळ सीमेवरच्या रोपांत आहे. रेषेवरील चूड आत धरावयाचा की बाहेर, अशी शंका आली की कापणारा तो बहुधा आत धरतो. समजा, सरासरीने रेषा तीन इंच बाहेर सरकली. दोन फूट त्रिज्येचे वर्तुळ सव्वादोन फुटांचे होईल व क्षेत्र सुमारे २६.६ टक्क्यांनी वाढेल. ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराच्या ८० व्या भागाएवढ्या आयतात मात्र ही वाढ केवळ ४.६ टक्के होईल. आता पीक खरोखर सर्वसाधारणाच्या ८० टक्केच आले असेल, तर वर्तुळाच्या हिशेबाने ते १०१ टक्के दिसेल! तुकड्यांची संख्या १०० वरून ४०० वर नेली, तर प्रमाण त्रुटी निम्मी होईल. परंतु अभिनती रतिभरही कमी होणार नाही. परीक्षा अधिकाधिक काटेकोर होत जाईल आणि अधिकाधिक आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देत राहील.

या वादाचे सार असे की, परिकल्पनेची परीक्षा यदृच्छेने होणाऱ्या चढउतारांचा हिशेब ठेवते. मोजण्याच्या रीतीत शिरलेली अभिनती तिला दिसत नाही. ती शोधण्यासाठी स्वतंत्र प्रयोगच रचावा लागतो, आणि सुखात्म्यांनी तो रचला. पानसे व सुखात्मे यांच्या १९५४ च्या संयुक्त ग्रंथातून कृषिसंशोधकांच्या पिढ्यांनी संख्याशास्त्राचे पाठ घेतले. त्या ग्रंथामागे शेतातील असा अनुभव उभा होता.

आणेवारीची आज पैसेवारी झाली आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत प्रत्यक्ष उत्पन्न उंबरठा उत्पादनाहून किती कमी, यावर भरपाई ठरत आली असून त्या हिशेबात कापणी-प्रयोगांना महत्त्वाचे स्थान आहे. तेव्हा कामठ्याच्या बांधीत दोरी कोठे ताणली जाते, हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. अभ्यासकाने सार्थकतेचे कोष्टक उघडण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : तुकडा कोणी व कसा निवडला, त्याची सीमा कशी आखली, आणि निर्णय चुकल्यास त्याची किंमत कोणी मोजावयाची. या तिहींची उत्तरे मिळाल्यावरच कोष्टकातील आकड्याला अर्थ प्राप्त होतो.